डोंगरावरच्या निसर्ग केंद्राचा उन्हाळी प्रोग्राम, दोन दिवस राहून आलो

मुलीला घेऊन गेलो होतो. सगळ्यात भारी म्हणजे रात्रीचा पतंगांचा सेशन. पांढरी चादर ताणून बांधली, समोर अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला आणि अर्ध्या तासात चादरीवर ही गर्दी, एक तर तळहाताएवढा, पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके, पोरगी आधी माझ्या मागे लपली आणि नंतर तिथून हलेचना. गाईड म्हणाला की रेशमी पतंगांच्या जातीतल्या बऱ्याच पतंगांना मोठेपणी खाण्यासारखं तोंडच नसतं, अळी असताना जे खाल्लं त्यावरच शेवटचे थोडे दिवस काढायचे. हे मला या वयात कळलं!

आकाशदर्शन पण मस्त, पण डोळे अंधाराला नीट सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि तेवढ्यात कोणीतरी मोबाईल उघडतोच, की सगळ्यांचं परत पहिल्यापासून. टॉर्चला लावायला लाल कागद देतात ते बरंय.

पक्षी बघायची फेरी मात्र फुकट गेली. साडेपाचची वेळ दिलेली, निघालो साडेसहाला, कारण गाईडच उठला नव्हता, आणि तोवर पहाटेचा सगळा किलबिलाट ओसरलेला. सांगितलं तर नुसतं हसले.

आणि हो, उन्हाळा म्हणून पातळ कपडे घेऊन जाऊ नका, दर १००० मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. मी कुडकुडत उल्का मोजल्या, चार दिसल्या, पोरगी म्हणते पाच.