चर्चच्या लाइटसाठी ८६,००० रुपयांचं ‘लायसन्स’, आणि आत फुकटचं सॉफ्टवेअर

नाताळ तोंडावर आला की बऱ्याच मंडळ्यांमध्ये चर्चचे लाइट बदलायचं काम निघतं. तुमच्या पंच कमिटीपुढे अशा कामाचं कोटेशन आलं असेल आणि त्यात ‘लाइटिंग कंट्रोल सॉफ्टवेअर, चर्च एडिशन, वार्षिक लायसन्स’ अशी ओळ असेल, तर सही करण्याआधी हे वाचा. आमच्या मंडळीला एका विक्रेत्याने नेमक्या या ओळीवर ८६,००० रुपयांना गंडवलं. तोच माणूस अजून दुसऱ्या मंडळ्यांचे उंबरठे झिजवतोय असं कानावर आलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. चर्चचा साउंड आणि लाइट तरुण संघाकडे असतो, त्यात मीही आहे. या कामाचा पैसा हंगामाच्या सणातून उभा राहिला होता. लोकांनी अर्पण म्हणून आणलेली ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी यांचा लिलाव होतो, त्यातला तो पैसा. एका आजीने आणलेला भोपळा तिघांनी चढाओढीने बोली लावून शेवटी तिलाच परत दिला होता. त्या पैशाला हात घालणाऱ्याबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवत नाही.

माणूस ‘जय ख्रिस्त’ म्हणत आत आला. पाळकसाहेबांसोबत गुडघे टेकून प्रार्थना केली. “साहेब, प्रभूचं काम आहे, यात मी रुपया कमवत नाही. बाहेर हेच सॉफ्टवेअर दीड लाखाला जातं, चर्चसाठी कंपनीने वेगळं लायसन्स काढलंय,” असं म्हणाला. डेमो त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवला आणि तो झकास होता. उपासनेचा सीन, प्रभुभोजनाचा सीन, कॅरलचा सीन, एकेका बटणावर सगळे दिवे बदलत होते. यात कुठेही हातचलाखी नव्हती, सॉफ्टवेअर खरोखरच चांगलं आहे. खोटं होतं ते त्यावरचं नाव, त्याची किंमत आणि त्याची मुदत.

पुढचं समजायला थोडं तांत्रिक सांगावं लागेल. स्टेजचे दिवे ज्या भाषेत बोलतात ती डीएमएक्स ५१२. अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये ती ठरवली आणि आजही जगभर तीच चालते. एका केबलवरून ५१२ चॅनेल जातात, त्याला एक युनिव्हर्स म्हणतात, आणि प्रत्येक चॅनेलवर ० ते २५५ यांच्यामधला एक आकडा जातो. एकेक चॅनेल दिव्याची एकेक गोष्ट सांभाळतं, जसं उजेड किंवा एखादा रंग. आमच्याकडे १२ एलईडी पार (एका जागी बसवलेले रंगीत दिवे), प्रत्येकी ८ चॅनेलचे, म्हणजे ९६. दोन मूव्हिंग हेड (स्वतः वळणारे दिवे) प्रत्येकी १६ चॅनेलचे, म्हणजे ३२. एकूण १२८. अर्धं युनिव्हर्ससुद्धा भरत नाही. बिलात मात्र ‘४ युनिव्हर्स’चं लायसन्स लावलं होतं, म्हणजे २,०४८ चॅनेल. गावच्या चर्चला ते कशाला लागणार? कोटेशन हातात आलं की दिव्यांची ही बेरीज आधी करा, प्रत्येक दिव्याच्या माहितीपत्रकात चॅनेलचा आकडा दिलेला असतो.

जोडणी झाल्यावर पहिल्याच रविवारी दिवे मधूनच थरथरले. दिवे चालवणारा आणि गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणारा लॅपटॉप एकच होता, आणि स्लाइड बदलली की लाल दिवा क्षणभर झटका खायचा. फोन केला तर “व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर बसवा” असं उत्तर मिळालं, आणि तोही विकायची त्याची तयारी होती. खरं कारण लॅपटॉपचा सिग्नल दिव्यांच्या केबलवर देणाऱ्या यूएसबी डबीत होतं. अशा डब्या दोन तऱ्हेच्या येतात. एकीत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, दिव्यांना जाणारा सिग्नल ती स्वतः वेळच्या वेळी पाठवत राहते, आणि चांगल्या डबीत विजेचं आयसोलेशनही असतं, म्हणजे दिव्याकडे काही बिघाड झाला तर तो लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. दुसरीत यूएसबीचं सिरियल करणारी चिप आणि पुढे लाइनला सिग्नल देणारी एक चिप, बस्स. वेळ सांभाळायचं सगळं काम मग लॅपटॉपला करावं लागतं, आणि लॅपटॉप दुसऱ्या कामात गुंतला की दिवे अडखळतात. बिलावर ‘प्रोफेशनल, आयसोलेटेड’ लिहिलं होतं. नंतर डबीचे चार स्क्रू काढले तर आत त्या दोनच चिपा. साधी डबी वाईट नसते, लहान कामाला ती पुरते आणि काही हजारांत येते. साधी देऊन भारीचे पैसे घेणं ही चोरी आहे.

केबलचंही तेच. डीएमएक्सला १२० ओहमची केबल लागते आणि ओळीतल्या शेवटच्या दिव्यावर पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, ज्याला टर्मिनेटर म्हणतात. आम्हाला माइकच्या केबली ओढून दिल्या होत्या आणि टर्मिनेटर नव्हताच.

मग डिसेंबर आला. नाताळच्या आदल्या आठवड्यात, कॅरलची तालीम चालू असताना स्क्रीनवर पाटी आली: लायसन्स संपले, नूतनीकरणासाठी संपर्क करा. त्याने १८,००० मागितले, तेही संध्याकाळपर्यंत. वर्ष भरायला तर अजून बराच अवकाश होता.

आमच्यातली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंग शिकते, ती सुट्टीला आली होती. तिने डेस्कटॉपवरच्या त्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली. टार्गेटमध्ये सॉफ्टवेअरचं नाव नव्हतंच, तिथे एका बॅच फाइलचा, म्हणजे विंडोजला ओळीने आज्ञा देणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलचा, पत्ता होता. ती नोटपॅडमध्ये उघडली तर जेमतेम पाच-सहा ओळी: ठरावीक तारीख उलटली असेल तर लायसन्स संपल्याची पाटी दाखव, नाहीतर क्यूएलसीप्लस डॉट ईएक्सई किऑस्क मोडमध्ये सुरू कर. मग तिने आमच्या सीनची फाइल, जिचं एक्स्टेंशन क्यूएक्सडब्ल्यू असतं, तीही नोटपॅडमध्येच उघडली. सुरुवातीलाच ‘क्रिएटर’ या शीर्षकाखाली लिहिलेलं: क्यू लाइट कंट्रोलर प्लस.

क्यू लाइट कंट्रोलर प्लस, म्हणजेच क्यूएलसी प्लस, हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांवर चालतं, त्याच्या अधिकृत साइटवरून कुणालाही उतरवून घेता येतं, आणि त्याचं अपाची २.० लायसन्स कधी संपत नाही. किऑस्क मोडमध्ये मेनू दिसत नाहीत, फक्त बटणांचा पडदा दिसतो, आणि त्या पडद्यामागे हवं ते चित्र लावता येतं. याने तिथे स्वतःचा लोगो लावला होता. ‘चर्च एडिशन’ म्हणजे एवढंच. तिने साइटवरून ते उतरवलं, आमची फाइल त्यात उघडली, आणि दिवे लागले.

फोनवर तो आधी म्हणाला, “ताई, हे टेक्निकल आहे, तुम्हाला कळायचं नाही.” मग म्हणाला, ओपन सोर्स विकायला कायद्याने बंदी नाही. हे खरं आहे, आणि तुमच्याही तोंडावर हेच फेकलं जाईल म्हणून सांगतो. अपाची लायसन्स विक्रीला परवानगी देतं. केबल ओढण्याचे, प्रत्येक दिव्याला त्याचा चॅनेल क्रमांक (पत्ता) लावण्याचे, सीन बनवण्याचे पैसे कुणी घेतले तर ते कष्टाचे आहेत, ते जरूर द्यावेत. पण दुसऱ्याचं सॉफ्टवेअर आपल्या कंपनीचं म्हणून सांगणं, नसलेली मुदत घालणं आणि ऐन सणात ती संपवून पैसे मागणं, याला विक्री म्हणत नाहीत. सगळीच पैसे घेणारी सॉफ्टवेअरं लबाड असतात असंही नाही. कित्येक चांगल्या कंपन्या सॉफ्टवेअर फुकट देतात आणि सिग्नल बाहेर काढणाऱ्या स्वतःच्या डबीचे पैसे घेतात. ते उघडपणे लिहिलेलं असतं, त्यात वावगं काही नाही.

बिलाकडेही बघितलं. जीएसटी १८ टक्के लावला होता, नंबर १५ अक्षरांचा, सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्राचा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून तपासता येतो. तिथे नाव निघालं एका कापड दुकानाचं आणि नोंदणी रद्द झालेली. म्हणजे कर म्हणून घेतलेला पैसाही त्याच्याच खिशात गेला.

पंच कमिटीने ठराव करून कोषाध्यक्षांना अधिकार दिले आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली पोलिसांत तक्रार दिली. बिल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि त्या बॅच फाइलची प्रत सोबत जोडली. पैसे अजून आलेले नाहीत. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की आपल्याच माणसाविरुद्ध पोलिसांत कशाला जायचं, प्रभू बघून घेईल. मला ते मान्य नाही. आपण गप्प बसलो तर तो पुढच्या गावात पुन्हा ‘जय ख्रिस्त’ म्हणत उभा राहणार.

नवं काम काढताना विक्रेत्याकडून लेखी घ्या: सॉफ्टवेअरचं मूळ नाव आणि आवृत्ती, डबीचं मॉडेल, सीनची फाइल मंडळीच्या पेनड्राइव्हवर, आणि काही पासवर्ड घातला असेल तर तोही. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणणार नाही. डेमो त्याच्या लॅपटॉपवर न बघता तुमच्या लॅपटॉपवर, गीतांच्या स्लाइड चालू ठेवून बघा. पैसे द्यायचे ते फर्मच्या खात्यावर, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

आणि आधीच अशी ‘चर्च एडिशन’ बसवलेली असेल, तर त्याला फोन करण्याआधी आयकॉनचं टार्गेट बघा, क्यूएक्सडब्ल्यू फाइल आणि बॅच फाइल दोन्ही कॉपी करून ठेवा, लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा. आमच्याकडे त्याने लांबून लॅपटॉप चालवायचं अॅप टाकून ठेवलं होतं, ते आम्ही त्याच्याशी बोलण्याआधीच काढलं, म्हणून पुरावा शाबूत राहिला.