जेसन की पोस्टकार्ड? रस्टमधला डेटा साठवताना

हिंदमाताला पाणी किती चढलं हे मोजणारं यंत्र आमच्या ऑफिसातला एक मुलगा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत बनवतोय. परवा दादरला गाडीची वाट बघताना त्याने विचारलं, "दादा, नोंदी जेसनमध्ये ठेवू की पोस्टकार्डमध्ये?" जेसन (JSON) म्हणजे डेटा साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत, पोस्टकार्ड (postcard) म्हणजे रस्टमधली आटोपशीर बायनरी पद्धत. दोन्हीकडे सर्देच (डेटा साठवण्या-वाचण्याची रस्टची लायब्ररी) आहे, स्ट्रक्टवर (नावं दिलेल्या फील्डचा, म्हणजे कप्प्यांचा, गट) तेच डिराइव्ह (लागणारा कोड आपोआप बनवून घेणारी ओळ). म्हणजे मेहनत जवळपास सारखी.

जागेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आयडी ४१२ आणि लेव्हल ३७ एवढीच नोंद घ्या. जेसन फील्डची नावंही दर वेळी लिहितं, म्हणून २१ बाइट. पोस्टकार्ड नावं गाळतं आणि छोटे आकडे छोट्या जागेत बसवतं: ३ बाइट.

पण खरी मेख पुढे आहे. पोस्टकार्डला फील्ड फक्त क्रमाने ओळखता येतात. उद्या स्ट्रक्टमध्ये मधेच तापमान घातलंत, तर जुन्या नोंदी एकतर एरर देतील, नाहीतर चुकीचे आकडे गुपचूप वाचले जातील. हा दुसरा प्रकार मी भोगलाय. दोन रात्री गेल्या. सर्देचं 'डिफॉल्ट' (फील्ड सापडलं नाही तर ठरलेली किंमत भरणं) इथे वाचवत नाही, जेसनमध्ये वाचवतं. शिवाय जेसनची फाइल कुठल्याही एडिटरात उघडून वाचता येते.

जेसनचीही एक खोड आहे: एफ६४ (दशांश आकड्यांचा प्रकार) मधला नॅन ('हा आकडाच नाही' अशी खूण) तिथे मुकाट्याने नल (रिकामी किंमत) होतो.

मायक्रोकंट्रोलरवर (यंत्रातल्या छोट्या चिपवर), तोकड्या मेमरीत, दोन्ही टोकांचा कोड तुमच्याच हातात असेल तर पोस्टकार्ड. पहिला बाइट आवृत्तीचा ठेवा. सर्व्हरवर, सेटिंग्जसाठी, किंवा दुसऱ्या टीमला डेटा द्यायचा असेल तर जेसन. त्या मुलाला मी यंत्रात पोस्टकार्ड आणि सर्व्हरवर जेसन सुचवलं.