पत्र्याच्या शेडमधला कंट्रोल बोर्ड: वाय५व्ही, एक्स५आर, एक्स७आर की सी०जी?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२–४३ अंशांवर जातो. यंत्रमागाच्या शेडवर पत्रा, मागाचा कंट्रोल बोर्ड लोखंडी डब्यात, आणि कापसाची धूळ आत जाऊ नये म्हणून डबा बंद. बाहेर ४३ असेल तर डब्यात आणखी २०–३० अंश धरूनच चाला. म्हणजे बोर्डावरचे सिरॅमिक कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) साधारण ६५ ते ७५ अंशांत काम करणार. दुकानात त्यांचे वाय५व्ही, एक्स५आर, एक्स७आर आणि सी०जी हे चारही प्रकार सारखेच दिसतात, तपकिरी किंवा राखाडी तुकडे, अंगावर काही छापलेलं नाही. फरक पडतो तो या तापमानाला.

सी०जी सोडला तर कोड वाचायला सोपा आहे. पहिलं अक्षर खालची मर्यादा सांगतं: एक्स म्हणजे उणे ५५, वाय म्हणजे उणे ३०. आपल्याकडे तिचं काम पडत नाही. मधला आकडा वरची मर्यादा: ५ म्हणजे ८५ अंश, ७ म्हणजे १२५. शेवटचं अक्षर या दोन मर्यादांमध्ये कंडेन्सरची किंमत (म्हणजे मायक्रोफॅरडमधली क्षमता, दाम नव्हे) किती हलेल ते सांगतं. आर म्हणजे अधिक-उणे १५ टक्के, व्ही म्हणजे अधिक २२ ते उणे ८२ टक्के. जुन्या साठ्यात झेड५यू सापडतो. त्याची खालची मर्यादाच अधिक १० अंश आहे, म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे तो काठावर येतो.

एवढा फरक येतो कुठून? सी०जी सोडला तर बाकी सगळे बेरियम टायटनेटचे, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक. या पदार्थाच्या कणांत विद्युत ध्रुवीकरणाचे छोटे छोटे पट्टे असतात आणि विद्युत क्षेत्र लावलं की ते वळतात, सरकतात. साधारण १२० ते १३० अंशांना, म्हणजे क्युरी तापमानाला, हे आपसूक ध्रुवीकरण संपतं. त्याच जागी डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थामुळे कंडेन्सरची क्षमता किती पट वाढते तो आकडा) टोक गाठतो आणि त्यापुढे घसरतो. वाय५व्हीत झिर्कोनियमसारखी द्रव्यं घालून हे टोक खोलीच्या तापमानाजवळ ओढून आणलेलं असतं. म्हणून लहान अंगात भरपूर मायक्रोफॅरड मिळतात, पण मोजायच्या टेबलावरच. डबा तापला की आपण उतारावर. एक्स७आरमध्ये कणाचा गाभा आणि कवच यांची रचना वेगळी ठेवून टोक पसरट केलेलं असतं.

आकड्यांत पाहा. वाय५व्हीची सुरुवातीची सहनमर्यादा (सांगितलेल्या किमतीपासून नवा भाग किती हटलेला चालतो) बऱ्याचदा उणे २० ते अधिक ८० टक्के असते. १० मायक्रोफॅरडचा भाग आधी ८ असू शकतो, आणि तापमानापायी कोडाच्या हिशेबाने १.४४ पर्यंत उतरू शकतो. १० टक्के सहनमर्यादेचा एक्स७आर ७.६५ च्या खाली जायला नको. ५ व्होल्टच्या रेग्युलेटरपुढे वाय५व्ही लावला, तर सकाळी नीट चालणारा माग दुपारी प्रोसेसर रिसेट होऊन थांबतो आणि दोष भलत्याच भागावर जातो. वाय५व्ही इथे घेऊच नका, फुकट मिळाला तरी.

खरी फसगत मात्र एक्स५आर आणि एक्स७आर निवडताना होते. कोडातले १५ टक्के डीसी व्होल्टेज न लावता मोजलेले असतात. हे कंडेन्सर सिरॅमिकच्या पातळ थरांचे असतात; एका थराची जाडी १ मायक्रॉन धरली तर ५ व्होल्टला क्षेत्र ५ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर होतं. एवढ्या क्षेत्रात ते पट्टे जखडतात आणि किंमत पडते. ६.३ व्होल्टचा छोट्या आकाराचा १० मायक्रोफॅरड एक्स५आर ५ व्होल्टच्या लाइनवर निम्म्याखालीही जाऊ शकतो. एक्स७आर लिहिलंय म्हणून यातून सुटका नाही. सुटका जाड थरांत आणि मोठ्या आकारात आहे. २४ व्होल्टच्या लाइनला ५० व्होल्टचा, १२१० आकाराचा (सुमारे ३.२ × २.५ मिलिमीटर) एक्स७आर घ्या, एकाऐवजी दोन. पुरवठा अचानक जोडला की सिरॅमिक कंडेन्सर आणि लांब वायर मिळून व्होल्टेज जवळजवळ दुप्पट उसळवतात, म्हणून शेजारी १०५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही हवा. एक्स५आर ३.३ व्होल्टवर, उष्ण भागांपासून लांब असेल तर चालतो. ७५ अंशांना तो मर्यादेच्या फार जवळ येतो.

टायमर, क्रिस्टल आणि फिल्टरला सी०जीच. तो फेरोइलेक्ट्रिक नाही. अंशामागे ३० पीपीएम (दशलक्षात ३० भाग) म्हणजे ५० अंशांत ०.१५ टक्के, आणि डीसीने व्यवहारात हलत नाही. एक्स७आरवर १० सेकंदांचा टायमर फक्त उष्णतेने ८.५ ते ११.५ मध्ये फिरू शकतो. मोठ्या क्षमतेत सी०जी महाग आणि आकाराने मोठा पडतो. तेव्हा १०० नॅनोफॅरडऐवजी १० नॅनोफॅरड लावून रेझिस्टर दहापट करा. मात्र १ मेगाओमच्या वर गेलात तर बोर्डावरची दमट धूळच रेझिस्टरसारखी वागू लागते. बोर्डावर लॅकर (संरक्षक लेप) मारा.

सुटा माल ओळखायचा तर मीटरच्या तारा जोडून भाग ७५ अंशांपर्यंत तापवा आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) अंगाला टेकवून ठेवा. किंमत निम्म्याच्या खाली गेली तर वाय५व्ही किंवा झेड५यू समजा. एक्स७आर आणि एक्स५आर यांतला फरक या चाचणीत दिसणार नाही. साध्या मीटरचा एसी सिग्नल छोटा असतो, त्यामुळे चांगला एक्स७आरही थोडा कमी दाखवतो. सोल्डर केल्याबरोबर मात्र मोजू नका. क्युरी तापमान ओलांडल्याने भाग पुन्हा ताजा झालेला असतो आणि जास्त दाखवतो. २४ तास थांबा. त्यानंतर तो वेळेच्या प्रत्येक दहापटीला घसरतो: एक्स७आर साधारण २.५ टक्के, वाय५व्ही ७ च्या आसपास. १० तासांपासून १०,००० तासांपर्यंत, म्हणजे सव्वा वर्षाच्या आत, हे अनुक्रमे ७.५ आणि २१ टक्के झाले.

१२१० आकाराला एक खोड आहे. बोर्ड वाकला की तो तडकतो, तडा दिसत नाही, आणि महिन्यांनी २४ व्होल्ट शॉर्ट होतात. मागाच्या हादऱ्यांत हे नेहमीचंच. स्क्रूच्या भोकापासून लांब बसवा, लांब बाजू वाकण्याच्या रेषेला समांतर ठेवा, हाताने सोल्डर करताना बोर्ड आधी तापवा आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक सिरॅमिकला लावू नका, फक्त पॅडला लावा. ऑर्डर देताना लवचीक टर्मिनेशनचा (टोकांना वाक सोसणारा थर असलेला) भाग मागा.