स्लीव्ह की बायपास? कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात धरून

खरड छाटणी उरकली आणि तासगावचा मावसभाऊ सांगलीला माझ्याकडे आला. एका पिशवीत बेदाणा, दुसऱ्या पिशवीत रिपोर्ट. वजन 118 किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 39, शुगर गोळ्यांवर. मिरजेच्या सर्जननी वजन उतरवायची दोन्ही ऑपरेशनं, जठराचं स्लीव्ह आणि जठराचा बायपास, समजावून सांगितली होती आणि घरी जाऊन विचार करा म्हणाले होते. त्याचा प्रश्न एकच, "दादा, ह्यातल्या कशानं कोलेस्टेरॉल उतरतंय तेवढं सांग."

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करतो. पण ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा येते.

त्याच्या कागदावर एकूण कोलेस्टेरॉल 228, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 260, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 36, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 140. ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल पडलेलं, हा आपल्याकडच्या पोट सुटलेल्या माणसाचा ठरलेला नमुना. ह्या दोन आकड्यांपुरतं बोलायचं तर स्लीव्ह घ्या नाहीतर बायपास, फार फरक नाही. खाणं कमी होतं, इन्शुलिन नीट काम करायला लागतं, यकृतातली चरबी उतरते, आणि ट्रायग्लिसराइड काही महिन्यांत खाली येतं. एचडीएल मात्र आळशी. वजन झपाट्यानं उतरत असताना पहिले काही महिने ते उलट थोडं घसरतं आणि साधारण वर्षभरात वर चढतं.

खरी फारकत एलडीएलवर होते. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, उरते केळ्यासारखी नळी. आतड्याला हात लागत नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल शोषायची जागा जशीच्या तशी राहते. एलडीएल थोडंफार हलतं, कधी तेवढंही नाही. बायपासमध्ये जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं, पित्त त्याला उशिरा भेटतं, आणि कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. म्हणून एलडीएलमध्ये बायपास सरस ठरतो. आपल्याकडे मिनी बायपासही (एकाच जोडाचा) बराच करतात, तोही ह्याच बाजूचा.

आतड्याचा हा गुण जुनाच माहीत आहे. अमेरिकेत हेन्री बुकवाल्ड ह्या सर्जनच्या गटानं हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 838 लोकांचा अभ्यास केला. वजनासाठी नव्हे, केवळ कोलेस्टेरॉलसाठी, निम्म्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग वगळला. 1990 मध्ये निकाल आला तेव्हा पाच वर्षांनी त्यांचं एलडीएल दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 38 टक्के कमी होतं. तोवर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध बाजारात आलं होतं, आणि एका गोळीनं जे होतं त्यासाठी पोट कोण फाडून घेणार?

आता रिपोर्टची एक गंमत. समजा स्लीव्हनंतर वर्षानं भावाचं एकूण 218, ट्रायग्लिसराइड 120, एचडीएल 48 आलं. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूणमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. आधी 228 वजा 36 वजा 52, म्हणजे 140. नंतर 218 वजा 48 वजा 24, म्हणजे 146. इतकं वजन उतरवून एलडीएल वाढलं, असं म्हणत माणूस कपाळाला हात लावतो. पण एकूणमधून फक्त एचडीएल वजा करून बघा. आधी 192, आता 170. वाईट कोलेस्टेरॉलचा सगळा गठ्ठा मिळून कमीच झालाय. हा नॉन-एचडीएलचा आकडा रिपोर्टवर नसला तर स्वतः काढावा, लहान मुलाची वजाबाकी आहे.

बायपास एवढा गुणी आहे तर तोच का नाही? त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व स्लीव्हनंतरही लागतंच, पण बायपासमध्ये हयगय लवकर अंगाशी येते. गूळ, पेढे, बेदाणा मूठभर खाल्ला की घाम, धडधड, जुलाब. कंबरदुखीला मेडिकलमधून उचललेली गोळी जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर करू शकते, तंबाखूचंही तेच. वजन झपाट्यानं उतरलं की दोन्हींत पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर त्यातला एखादा पित्तनळीत अडकला तर नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही.

स्लीव्हचं दुखणं म्हणजे आंबट ढेकर. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडच्या अभ्यासात आधीपासूनचं आम्लपित्त पाच वर्षांनी बायपासवाल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांचं गेलं होतं, स्लीव्हवाल्यांत 25 टक्क्यांचंच. पण स्लीव्हचा पुढं बायपास करता येतो, कापलेलं जठर मात्र परत येत नाही.

माझं मत विचाराल तर नुसतं एलडीएल जास्त आणि वजन बेताचं असेल त्यानं ऑपरेशनच्या वाटेला जाऊच नये. रोसुवास्टॅटिन 20 मिलिग्रॅम एलडीएल जवळपास निम्म्यावर आणतं, स्लीव्हला ते जमत नाही. घराण्यातच एलडीएल 200 च्या वर असेल तर गोळी ऑपरेशननंतरही चालूच राहणार. ज्याला वजन आणि शुगरसाठी ऑपरेशन करायचंच आहे, त्याच्यासाठी एलडीएल म्हणजे काट्यावर शेवटी टाकायचं छोटं वजन.

भावाच्या काट्यावर ते पडलं. वडिलांना 49 व्या वर्षी अटॅक आलेला, ह्याला स्वतःला रोज रात्री जळजळ. माझा कौल बायपासला. पण फवारणीच्या दिवसांत तो कंबरेसाठी खिशात पेनकिलर ठेवतो, हे सर्जनना सांगितलंच नव्हतं. ते आधी सांग म्हटलं, जठराची दुर्बिणीनं तपासणी करून घे, आणि स्टॅटिन कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नको.

पुढचे रिपोर्ट तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. तिसऱ्या महिन्यात एचडीएल उतरलेलं दिसलं तर रात्री अकराला फोन करायचा नाही, हेही आत्ताच सांगून ठेवलंय.