फुकटचा आयएसएसएन आम्ही विकत घेतला

गोव्यातले ताम्रपट, शिलालेख आणि देवस्थानांच्या दप्तरांतले मोडी कागद, एवढ्याच विषयाला वाहिलेली मराठी शोधपत्रिका काढायची, असं आम्ही तिघांनी फोंड्याला भाजी-पाव खाताना ठरवलं. मी निवृत्त शिक्षक, मोडी वाचण्यात हात बसलेले आमचे भाई, आणि पीएचडी करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी. चार लेख हातात होते. पण कॉलेजातल्या तरुण प्राध्यापकांकडे लेख मागितला की आधी प्रश्न यायचा, "सर, आयएसएसएन आहे? केअरमध्ये आहे?" आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, आणि केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य शोधपत्रिकांची यादी. त्यांनाही बोल लावता येत नाही, बढतीचे गुण त्यावर अडलेले.

अशात २०२५च्या जूनमध्ये एका 'प्रकाशन सल्लागारा'चा फोन आला. पुढच्या आठवड्यात गृहस्थ पणजीत भेटले. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, बोलणं अदबीचं. पॅकेज ६८ हजारांचं: आयएसएसएन, डीओआय (प्रत्येक लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक), वेबसाइट, यूजीसी-केअर यादीत प्रवेश, वर्षभरात स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत नाव, आणि ५.८ इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखांना मिळणाऱ्या संदर्भांवरून काढलेला आकडा. पहिला अंक निघायच्या आधीच! बारशाआधी लग्नाची पत्रिका छापावी तसं. लेखांची तज्ज्ञांकडून समीक्षा म्हणे ४८ तासांत करून देऊ. भाई एका ताम्रपटातला आकडा सात की नऊ यावर आठवडा काढतात. तिथेच उठायला हवं होतं. उठलो नाही, कारण घाई आम्हालाच झाली होती. तिघांनी वर्गणी काढून पैसे पाठवले. संपादक म्हणून संमतिपत्रावर मी सही केली आणि स्कॅन करून दिली.

महिन्याभरात सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं आली. आयएसएसएन होता २८९४-७३१५. विद्यार्थिनीला संशय आला. या क्रमांकाचा आठवा अंक मनाला येईल तो नसतो, आधीच्या सात अंकांवरून काढलेला ताळ्याचा अंक असतो. तिने वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. पहिल्या अंकाला ८ने गुणायचं, दुसऱ्याला ७ने, असं करत सातव्याला २ने: १६, ५६, ५४, २०, २८, ९, २. बेरीज १८५. अकराने भागून बाकी ९, आणि अकरातून नऊ गेले दोन. शेवटी २ हवा होता, इथे ५. म्हणजे असा क्रमांक जगात कुणालाच मिळालेला असू शकत नाही. लबाडाने बेरीज करण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

मग एकेक बुरखा उतरला. भारतात आयएसएसएन दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र देतं, आणि तो मोफत असतो. शिवाय ती नियतकालिकाची नुसती ओळख, दर्जाची पावती नव्हे. डीओआय मात्र सहसा फुकट नसतो. क्रॉसरेफसारख्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं लागतं, दरवर्षी वर्गणी भरावी लागते. आमच्या पहिल्या लेखाचा डीओआय डीओआयच्या साइटवर टाकला तर सापडलाच नाही. स्कोपसकडे अर्ज करायलाच दोन वर्षांचे अंक पाठीशी लागतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, तोही आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना किती संदर्भ मिळाले यावरून. आमचे आधीचे लेख होते शून्य. आणि केअर? ती यादी यूजीसीने बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५मध्येच जाहीर झालं होतं. बंद दुकानाचं तिकीट आम्ही चार महिन्यांनी काढलं. वर्तमानपत्र रोज वाचतो मी, हे सांगायलाही आता लाज वाटते.

वेबसाइटचं सॉफ्टवेअरसुद्धा, ओपन जर्नल सिस्टम्स, कुणालाही मोफत मिळतं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र त्या सल्लागाराने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि खरा घाव तिथेच बसला. ऑक्टोबरमध्ये एका अनोळखी मुलीचा फोन आला. "सर, साडेतीन हजार भरले, माझा पेपर कधी येणार?" विषय विचारला, तर कोंबड्यांचं खाद्य. साइट उघडली. मुखपृष्ठावर आमचा ताम्रपट, आत काँक्रीट, कुक्कुटपालन, बँकिंग. संपादक मंडळात आम्ही कधी भेटलोही नाही असे चार प्राध्यापक. त्या मुलीने तिचं स्वीकृतिपत्र पाठवलं. खाली माझीच सही, संमतिपत्रावरून उचललेली. डाव्या कोपऱ्यात पेनची शाई पसरली होती, तो डागही तसाच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, लेखी जबानीही दिली. पैसे परत आलेले नाहीत. त्या चार प्राध्यापकांना मी स्वतः पत्रं लिहिली. दोघांनी समजून घेतलं, एकांनी मलाच चोर ठरवलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पत्रिकेचं नाव बदलून आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे, या वेळी डोमेन विद्यार्थिनीच्या नावावर. आधी अंक, मग अर्ज. जुन्या पत्रिकेचं नाव तक्रार चालू असल्यामुळे इथे देत नाही. पण संपादकाचा पत्ता फोंड्याचा, मुखपृष्ठावर ताम्रपट आणि आत कोंबड्यांचं खाद्य, अशी साइट दिसली तर पैसे भरू नका. खालची सही माझी आहे, पण ती मी केलेली नाही.