वाळूवरची पाणबुडी : विशाखापट्टणमचे 'कुरसुरा' संग्रहालय

विशाखापट्टणम आणि अराकू खोऱ्याची सहल आखताना मराठी कुटुंबे बोरा गुहा, कैलासगिरी आणि समुद्रकिनारा यांच्या मधल्या रिकाम्या वेळात रामकृष्ण बीचवरचे पाणबुडी संग्रहालय बसवतात. आमच्याही कार्यक्रमात त्याला तेवढेच स्थान होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र असे वाटले की, मुले शाळकरी वयाची असतील तर या शहरात पहिला हक्क याच ठिकाणाचा आहे, आणि उरलेल्या वेळात बाकीचे पाहावे.

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांची दालने आणि खाली लावलेल्या माहितीच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. येथे दालन हीच वस्तू आहे. सुमारे ९१ मीटर लांबीची 'आयएनएस कुरसुरा' ही खरी पाणबुडी किनाऱ्यावर पक्क्या आधारांवर उभी केलेली असून, तिच्या पोलादी कवचाला एका टोकाशी पाडलेल्या दारातून आत शिरायचे आणि पोटातून चालत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे, एवढीच इथली मांडणी आहे. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या 'कलवरी' वर्गातील पहिल्या चार पाणबुड्यांपैकी ही चौथी. १८ डिसेंबर १९६९ रोजी ती नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धकाळात तिने अरबी समुद्रात गस्त घातली आणि एकूण ७३,५०० सागरी मैलांचा प्रवास करून २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली. तिच्या या कारकिर्दीत एक विलक्षण खंडही आहे. १९७५ मध्ये तिला सेवेतून बाजूला काढून तिचे सुटे भाग 'वागली' या दुसऱ्या पाणबुडीसाठी वापरले गेले, आणि पुढे मोठ्या दुरुस्तीनंतर १९८५ मध्ये ती पुन्हा कामावर रुजू झाली. परदेशी बनावटीची यंत्रे चालवताना सुट्या भागांची टंचाई म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

आतल्या सात कप्प्यांपैकी पहिल्याच कप्प्यात पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्याच्या सहा नळ्यांची तोंडे समोर येतात. मागच्या टोकाला आणखी चार आहेत. एकूण बावीस पाणतीर घेऊन ही पाणबुडी निघत असे, आणि जागा इतकी तुटपुंजी की पाणतिरांच्या शेजारीच खलाशांचे बिछाने टांगलेले असत. आठ अधिकारी आणि सदुसष्ट नौसैनिक अशी पंचाहत्तर माणसे या नळीत राहत, हा आकडा बाहेर ऐकताना फारसा भिडत नाही. आत आल्यावर, समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागले की तो आपोआप कळतो. भटारखाना आपल्याकडच्या चाळीतल्या मोरीएवढा आहे. गोडे पाणी मोजून वापरायचे, कपडे धुण्याचा प्रश्नच नाही, आणि दिवस-रात्र यांतला फरक घड्याळावरून ओळखायचा, अशी ती राहणी होती.

डिझेल इंजिनांच्या कप्प्यात घाई करू नये, कारण पाणबुडीचे सगळे शास्त्र तिथे उलगडते. तीन डिझेल इंजिने आणि तीन विद्युत मोटारी अशी दुहेरी व्यवस्था कशासाठी, असा प्रश्न कोणत्याही चौकस मुलाला पडतोच. इंजिनातले इंधन जळण्यासाठी हवा लागते आणि पाण्याखाली हवा नसते. म्हणून खोल पाण्यात असताना पाणबुडी बॅटऱ्यांवर चालते आणि त्या उतरू लागल्या की तिला पृष्ठभागावर, किंवा हवा ओढणारी नळी पाण्याबाहेर काढता येईल इतक्या उथळ पातळीवर, यावेच लागते. शत्रूच्या दृष्टीस किंवा रडारवर पडण्याचा धोका नेमका त्याच वेळी सर्वाधिक असतो. म्हणजे लपणे हेच जिचे मुख्य शस्त्र, तिला श्वास घेण्यासाठी ठरावीक काळाने लपणे सोडावे लागते. हा पेच ध्यानात आला की पुढे नियंत्रण कक्षातील पेरिस्कोप, झडपांची असंख्य चाके आणि ध्वनीवरून जहाजांचा माग काढणारी सोनार यंत्रणा यांचा अर्थ लागतो. नौसैनिकांच्या वेशात ठेवलेले पुतळे मात्र मला अनावश्यक वाटले. रिकामे बिछाने पुरेसे बोलके आहेत.

या संग्रहालयाची दुसरी जमेची बाजू म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले मार्गदर्शक. ज्याने असे जीवन जगले आहे त्याने सांगितलेली माहिती आणि पाठ केलेली माहिती यांतला फरक मुलांनाही लगेच जाणवतो, म्हणून लाजू न देता त्यांना प्रश्न विचारायला पुढे करावे.

मुंबईकराला इथे जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' आठवल्याशिवाय राहत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. १९७१ मध्ये 'विक्रांत'च्या शोधात आलेली पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी याच बंदराबाहेर ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बुडाली. त्या युद्धाचे 'व्हिक्टरी ॲट सी' हे स्मारक याच किनाऱ्यावर आहे आणि 'कुरसुरा' पाहून झाल्यावर तिथे जाणे अधिक अर्थपूर्ण ठरते, कारण बुडालेल्या पाणबुडीतील माणसे कशा जागेत होती हे आपण नुकतेच पाहिलेले असते. दुसरे कारण कमी सुखाचे आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली 'विक्रांत' मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून टिकली, पण २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखाना भागात तिची मोडतोड सुरू झाली. विशाखापट्टणमने मात्र आपली पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली. अखेरच्या सुमारे सहाशे मीटरसाठी दीड वर्ष आणि साडेपाच कोटी रुपये खर्ची पडले, आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. विमानवाहू नौका जतन करणे हे पाणबुडीपेक्षा कितीतरी पटींनी खर्चिक काम आहे, हे मान्य करूनही ही तुलना मनाला लागते.

मुलांना 'कलवरी' वर्गाची नावे सांगताना 'खांदेरी'पाशी अवश्य थांबावे. अलिबागजवळच्या थळसमोरील शिवकालीन जलदुर्गाचे हे नाव आधी सोव्हिएत बनावटीच्या पाणबुडीने आणि २०१९ पासून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुडीने धारण केले आहे.

व्यावहारिक सूचना थोड्याच. कप्प्यांमधली दारे गोल आणि अरुंद असून प्रत्येक वेळी वाकून, पाय उचलून पलीकडे जावे लागते; त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बाहेरूनच पाणबुडी पाहणे बरे. आमच्या सासूबाईंनी तेच केले आणि किनाऱ्यावरच्या बाकावर त्यांचा वेळ मजेत गेला. चाकाची खुर्ची आत नेणे शक्यच नाही. खांद्यावरची मोठी पिशवी गाडीतच ठेवावी. सुट्टीच्या संध्याकाळी किनाऱ्यावर सारे शहर लोटते आणि एवढ्या अरुंद वाटेत मागून माणसे येत असताना कुठेही रेंगाळता येत नाही, म्हणून आठवड्यातला मधला दिवस निवडावा. सोमवारी संग्रहालय बंद असते आणि वेळा बदलू शकतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून घ्यावी. रस्त्यापलीकडे नौदलाचे 'टीयू-१४२' हे प्रचंड टेहळणी विमानही संग्रहालय म्हणून उभे आहे. पाणबुड्या शोधणे हेच त्या विमानाचे काम असल्याने आधी 'कुरसुरा' आणि मग विमान हा क्रम ठेवावा, आणि वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर विमान सोडून द्यावे.