तयार फर्स्ट एड किट: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

किटमध्ये काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, परत लिहीत नाही. मला बोलायचंय चिमट्याबद्दल. नऊशे रुपये मोजून घेतलेल्या किटमध्ये प्लॅस्टिकचा चिमटा! सातमाळा असो की सातपुडा, आपल्याकडे रानात सापापेक्षा बाभळीचा काटा आधी भेटतो. पाटणादेवीहून पितळखोऱ्याकडे चढताना मित्राच्या चपलेतून काटा आरपार गेला आणि टोक टाचेत मोडलं. चिमट्याची पाती नुसती एकमेकांवरून सरकत होती. 'हाई काही कामनं नही भो,' म्हणत वाटाड्याने किटमधलीच सेफ्टी पिन लायटरवर तापवली, गार होऊ दिली, कातडी जरा उकरली आणि नखांत धरून काटा उपसला. वर पोविडोन आयोडिन लावलं, झालं.

तक्रार केली. आठवड्याने कुरियर आलं. आत काय? तसलाच आणखी एक चिमटा. शेवटी मेडिकलमधून चाळीस रुपयांत स्टीलचा टोकदार आणला.

बँड-एडचंही तसंच. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा किट डिकीत राहिलं तर पट्ट्यांचा गोंद कागदाला चिकटतो, कातडीला नाही. आता मायक्रोपोर टेप आणि गॉज वेगळं ठेवतो.

त्रिकोणी पट्टीला मात्र मी आधी जागा अडवणारं फडकं म्हणत होतो, ते मागे घेतो. तोरणमाळला सीताखाईजवळ शेवाळावरून एक जण घसरला, मनगट सुजलं. पट्टीची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि तो गाडीपर्यंत चालत आला. क्रेप बँडेजही चांगलं निघालं.

विष ओढायची पिचकारी पहिल्याच दिवशी फेकली. साप चावल्यावर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीच करायचं नसतं. अंगठी-कडं काढायचं, हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ लावायचा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) तिथेच मिळतं. पिचकारीच्या जागी ओआरएसची एक लिटरवाली पाकिटं बसली. किटमधलं एकुलतं एक पाकीट पेलाभर पाण्याचं, आपल्या उन्हात त्याने काय होणार?

थैली मात्र दणकट आहे, चेन अजून अडकलेली नाही. सेलमध्ये पाचशेला दिसलं तर थैलीसाठी घ्या, नऊशेला नको. चिमटा बाहेरूनच आणा.